चादरीमागचे तीन स्पीकर

हल्ली माझ्याकडे पुण्याहून मुलं येतात. गाडीतून उतरतात, टॉवेलात गुंडाळलेला जुना स्पीकर मांडीवरच्या बाळासारखा जपून आत आणतात, आणि मी पहिला स्क्रू सैल करायच्या आत समोर मोबाइल उभा करून चित्रीकरण सुरू करतात. "आजी, तुम्ही करा तुमचं काम, हे आपलं आठवणीसाठी." आठवणीसाठी म्हणे! मी काय दुधखुळी आहे? आतलं चुंबक मी बदलून टाकीन म्हणून तो पहारा असतो. मला त्याचा राग येत नाही. उलट ज्याने मोबाइल लावला नाही त्याचाच मला संशय येतो, की हा माल याचा स्वतःचा आहे की कुणाच्या घरातून उचलून आणलाय.

अप्पांच्या काळी मोबाइल नव्हता, खुणा होत्या. स्पीकर ठेवून जायच्या आधी गिऱ्हाईक त्यावर आपली खूण करायचं. कुणी बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावायचं, कुणी पत्र्यावर रेघ ओढायचं, एक वकील तर लाखेची मोहोर करून घेऊन आले होते. अप्पा स्वतःच खिळा पुढे करायचे. "करा मालक, नीट उमटू द्या." ज्यांना स्पीकर म्हणजे नुसता डबा ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते. डब्याच्या आत द्रोणासारखा कागदाचा कोन असतो, कोनाच्या बुडाला बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणायचं, आणि सगळ्यात मागे चुंबक. कोन फाटतो, कॉइल जळते, चुंबकाला सहसा काही होत नाही. म्हणून सगळा संशय चुंबकावर. जुन्या स्पीकरचं चुंबक महागाच्या मिश्रधातूचं, पेल्यासारखं उभं. पुढे आलेल्या स्पीकरचं काळं, चपटं, जाड भाकरीसारखं. जुन्या चुंबकाला वेगळं गिऱ्हाईक होतं. दोन-तीन महिन्यांतून एक उंच माणूस पिशवी घेऊन यायचा आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहून "जुनी चुंबकं हायत का?" असं अप्पांना विचारायचा. अप्पा मान हलवून त्याला परत पाठवायचे, निदान मला तरी तसं वाटायचं. त्यांचा एक नियम होता, काढलेला फाटका कोन वर्तमानपत्रात गुंडाळून स्पीकरबरोबर परत द्यायचा. आत काय घातलं ते दिसत नाही, बाहेर काय काढलं ते तरी दिसू दे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या दोन खोल्या गावाच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत होत्या आणि पाठच्या भिंतीपलीकडे चार यंत्रमाग होते. ते सकाळी सुरू झाले की भिंतीवरची देवाची तसबीर हलायची, मांडणीतले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. आम्ही घरात ओरडूनच बोलायचो. शेजारीही ओरडून बोलायचे. त्यामुळे कोण रागावलंय आणि कोण मीठ मागतंय हे तोंड बघितल्याशिवाय कळायचं नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मैंदर्गीची. तिचं कानडी आणि अप्पांचं मराठी यांची घरात खिचडी होती. ती पहाटे ज्वारीच्या भाकरी करून कडक वाळवायला ठेवायची आणि दुपारी शेंगांच्या चटणीबरोबर आम्ही त्या मोडून खायचो. भाकरी मोडल्याचा आवाज मागांच्या आवाजातही ऐकू यायचा, इतकी ती कडक. घराला सरसाचा वास होता, जळक्या तारेचा वास होता, आणि या दोन वासांतून वाट काढत येणारा लसणाचा वास. कोनाच्या कडेला लावायचं पातळ कापड अव्वाच जुन्या वायलच्या लुगड्यातून कापून द्यायची. कॉइल गुंडाळायचं काम माझं. केसासारखी तार, एकाला एक लागून वेढे, एकही वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये. शाळा सुटून मला दोन वर्षं झाली होती आणि माझ्या हाताचं अप्पांना कौतुक होतं.

गिऱ्हाइकाला माल द्यायचा तो मागांच्या सुट्टीच्या दिवशीच. त्या दिवशी गल्ली अशी गप व्हायची की चुकल्यासारखं वाटायचं. अप्पा दुरुस्त केलेला स्पीकर डब्यात बसवायचे, भजनाची कॅसेट लावायचे आणि मला समोर बसवायचे. "महादेवी, सांग बघू, टाळ जवळ हायत का लांब?" मी म्हणायची, जवळ. "तंबोऱ्याची तार तुटती का लांबती?" मी म्हणायची, लांबते. ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. कधी मी नाक मुरडलं की लगेच स्पीकर उलटा करून कोन खरवडायला घ्यायचे. मला वाटायचं, अप्पा माझी परीक्षा घेतायत, मला धंदा शिकवतायत. चारचौघींत मी त्याचा तोराही मिरवायची.

त्या वर्षी नरसय्या मास्तर आमच्याकडे आले. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, गिरणीत विणकामावर मास्तर होते, आता घरी बसले होते. त्यांच्याकडे दहा इंची परदेशी स्पीकरांची जुनी जोडी होती आणि तिच्यातल्या एकाची कॉइल जळून कोन कडेने फाटला होता. माणूस मोठा संशयी. अप्पांनी खिळा पुढे केला तर म्हणाले, "खिळा नको. तुझ्या खिळ्याची रेघ तू परत ओढशील की." आणि त्यांनी खिशातून पेन काढून कोनाच्या पाठीमागच्या कागदावर तेलुगूत आपलं आद्याक्षर लिहिलं, झोकदार. जो कोन काढूनच टाकायचा, त्याच्यावर खूण! अप्पांनी मला डोळ्यांनी गप राहायला सांगितलं. मास्तर जाताना म्हणाले, "पोरगा पुण्यासनं नवीन जोडी आणलाय. रबराच्या कडेचा. म्हणतो, पप्पा, ते जुनं भंगारात घाला. मला त्याला दाखवायचंय. आवाज होता तसा पायजे."

आता या वयात मला कुणी विचारलं की जुना स्पीकर चांगला की नवा, तर मी आधी विचारणाऱ्याचं वय बघते. जुन्याचा कोन हलका, पापडासारखा. थोड्याशा ताकदीवर तो बोलायला लागतो आणि गाणारा माणूस खोलीत येऊन बसल्यासारखा वाटतो. पण मृदंगाचा घुमारा त्याला पेलत नाही. नव्याचा कोन जड, कडेला रबर, त्याला ताकद जास्त लागते, पण तो खालचे सूर असे काढतो की बसल्या जागी पोटात जाणवतात. हे झालं खरं बोलणं. बाकी "जुन्याचा गोडवा नव्यात नाही" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तो गोडवा त्यांनी ऐकला तेव्हा त्यांचे कान विशीतले होते, हे ते हिशेबात घेत नाहीत. आणि "नवं म्हणजे चांगलंच" म्हणणाऱ्यांच्या रबराच्या कडा काही वर्षांनी चिकट होऊन गळायला लागल्या की ते गुपचूप माझ्याकडेच येतात.

मास्तरांचा स्पीकर आला आणि मामाच्या घरी लग्न निघालं. मी कॉइल गुंडाळून ठेवली आणि अव्वाबरोबर मैंदर्गीला गेले. तिथे आठ दिवस हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खाल्ली, मामेबहिणींबरोबर हसले आणि मागांशिवाय झोप लागत नाही म्हणून कुरकुरले. परत आलो तर स्पीकर तयार होता. शेजारच्या काकू सहज बोलून गेल्या, "तुमी नव्हता तवा तो पिशवीवाला आलता की. अप्पा लई वेळ बोलत हुते त्याच्याशी." मी ते कानाआड केलं. दुसऱ्या दिवशी मागांना सुट्टी होती. मास्तर आले, खुर्ची ओढून बसले, अप्पांनी कॅसेट लावली. मी आत भाकरीचं पीठ मळत होते, तिथूनच मला कळलं की काहीतरी बिघडलंय. गाणारा तोंडावर पदर घेऊन गात होता. टाळ नव्हतेच. मी हात तसेच घेऊन दारात आले तर अप्पा शांतपणे मान डोलावत होते.

मास्तर उठले. "हा माझा न्हाय."

"तुमचाच हाय मास्तर," अप्पा म्हणाले.

"माझ्या आवाजात धार होती. चुंबक बदललास तू. माझी सही कुठाय? जुना कोन दे."

आणि अप्पा म्हणाले, "कोन टाकला."

माझ्या उभ्या जन्मात अप्पांनी कोन टाकला नव्हता. अव्वासुद्धा चुलीपासून वळून बघायला लागली. मास्तरांनी आमच्या तिघांच्या तोंडांवरून नजर फिरवली, स्पीकर काखोटीला मारला आणि गल्लीत चार लोक थांबतील इतक्या मोठ्याने सांगून गेले, "पुढच्या सुट्टीला माझ्या घरी ये. जोडीतला दुसरा हाय माझ्याकडं. शेजारी ठेवून वाजवू. मग बघू कोण खरा."

तो आठवडा मी बापावर पाळत ठेवून काढला. लिहायला लाज वाटते, पण असंच झालं. ते बाहेर पडले की मी खिडकीशी. ते कुणाशी बोलले की माझे कान तिकडे. जेवताना ते भाकरी मोडायचे आणि मी त्यांच्या हातांकडे बघायची, या हातांनी चुंबक काढून पिशवीवाल्याला दिलं असेल का, कधी दिलं असेल, आणि ते विकून काय केलं. अव्वाला एकदा विचारलं तर ती लाटणं आपटून म्हणाली, "सुम्निरु!" म्हणजे गप बस. त्यामुळे माझा संशय अव्वावरही गेला. शेवटी एका दुपारी अप्पा तार आणायला गेले तेव्हा मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. वर धोतरं, खाली त्यांच्या बापाचा फेटा, आणि फेट्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला मास्तरांचा कोन, पाठीवर तेलुगू अक्षर. टाकलेला नव्हता, लपवलेला होता. हातात घेतला तर वजनच नाही. त्या क्षणी मी ठरवून टाकलं की माझा बाप खोटारडा आहे, आणि खोटारडा आहे तर चोरही असणार. कोन होता तसा ठेवला, पेटी लावली. मग मोरीत जाऊन रडले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अप्पा धुतलेला सदरा घालून निघाले. "तू चल संगं," म्हणाले. मला जायचं नव्हतं, पण राहवतही नव्हतं. मास्तरांच्या पुढच्या खोलीत दोरी बांधून तिच्यावर चादर टाकली होती, आपल्या गावच्या मागांवर विणलेली, निळ्या मोरांची. चादरीमागे तीन डबे. मास्तरांचा मुलगा व्यंकटेश पुण्याहून आला होता, सगळी मांडणी त्याची. त्याने सांगितलं, "मागे तीन आहेत. एक पप्पांचा जुना, हात न लावलेला. एक तुम्ही दुरुस्त केलेला. एक माझा नवीन. मी एकेक लावतो. जुना थोड्या ताकदीत जोरात वाजतो, म्हणून आवाज मी सारखा करून घेतलाय. तुम्ही फक्त सांगा, तुमच्या हातचा कुठला."

मास्तर म्हणाले, "स्वतःच्या हातचं स्वतःला वळखू येतंय की. काय?"

"व्हय," अप्पा म्हणाले.

पहिला वाजला. भजन उघडं, स्वच्छ, टाळ अगदी नाकासमोर. तो हात न लावलेला, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. दुसरा वाजला, मृदंगाचा घुमारा जमिनीतून तळपायात आला. अप्पा लगेच म्हणाले, "ह्यो नवा." व्यंकटेश चादरीमागून हो म्हणाला. मला वाटलं, जाणकार आहे बाप, सुटला. मग तिसरा वाजला. टाळ गेले. पदराआडचा तोच आवाज. मास्तरांच्या घरात भांडी घासत असलेल्या बाईनेही दाराशी येऊन तोंड वाकडं केलं. अप्पांचं बोट मात्र गुडघ्यावर ताल धरून होतं. पहिल्याला जसं होतं तसंच.

"परत लाव," ते म्हणाले. परत पहिला, परत तिसरा. आणि अप्पांनी माझ्याकडे बघितलं. घरी बघायचे तसंच, टक लावून, माझ्या कपाळाकडे, नाकाकडे, ओठांकडे. मला काय वाटलं? मला वाटलं, पकडला गेलाय आणि आता मला सामील करून घेतोय. मी मनात म्हटलं, खरे असाल तर ओळखाल. आणि मी तोंड दगडासारखं करून भिंतीवरच्या कॅलेंडरातले वार वाचायला लागले.

"पहिला," अप्पा म्हणाले. "पहिला माझ्या हातचा."

व्यंकटेशने चादर ओढली. मास्तर टाळी वाजवून हसले. "चांगला वाजला तो तुझा व्हय? बघा, बघा!" खोलीतली सगळी माणसं एकदम बोलायला लागली आणि मी त्या गलक्यात थंड पडले. कारण चोराला ते नक्की ओळखता आलं असतं. ज्याने चुंबक बदललं त्याला कुठला स्पीकर मेलाय हे जगात सगळ्यात आधी कळलं असतं. जे भांडी घासणाऱ्या बाईला कळलं ते माझ्या बापाला कळलं नव्हतं, आणि कळावं म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आजच नव्हे, आजवर प्रत्येक वेळी त्यासाठीच बघत आले होते. आणि हा एक स्पीकर मी मैंदर्गीला असताना पुरा झाला होता.

मी काही बोलायच्या आत अप्पा उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलं मास्तर. चुंबक बदललं मी. आठ दिवसांत तुमचं तुमाला आणून देतो."

(पुढचं सांगून टाकते. आम्ही तोच स्पीकर घरी आणला. चुंबकाला हात लावला नाही. जड कोन काढला, पेटीतला जुना हलका कोन पातळ कापडाने सांधला, मी नवी कॉइल गुंडाळली, मी ऐकला आणि मी हो म्हटल्यावरच तो गेला. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आता आणलास माझा." मरेपर्यंत ते पूर्व भागात सांगत फिरले की चोराकडून आपण माल कसा ओकवला. गंमत म्हणजे त्यानंतरही दुरुस्तीला ते आमच्याचकडे यायचे.)

त्या सकाळी मास्तरांच्या घरून आम्ही चालत निघालो. माग बंद, रस्ता शांत. अप्पा पुढे, मी मागे. मी म्हटलं, "अप्पा, खोटं का बोललात?" ते चालत राहिले. परत म्हटलं. चालत राहिले. पाच पावलांवर होते, कुठे एक कुत्रं भुंकत नव्हतं. मग मी पळत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि तोंड वर करून तेच विचारलं, तेव्हा ते थांबले.

"तुमाला ऐकू येत न्हाय?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "खालचं येतंय. समोर तोंड असलं की बोलनं कळतंय. वरचं गेलं. आधी टाळ गेले, मग चिमन्या. लई वर्सं झाली."

"मग मी घरी नव्हते तर थांबायचं होतं की."

"मास्तर रोज खेपा घालत हुता. जुना सांधला तर टिकंल असं वाटंना, आन् दुसरा हलका कोन कुटं मिळंना. त्या पिशवीवाल्यालाबी लई वेळ विचारलं. शेवटी होता त्यो जड बसवला. हातालाच जड लागला, तवाच शंका आली. वाजवून बघितला तर मला काय फरकच कळंना. जुना कोन मास्तरच्या हातात पडला असता तर हलकं-जड त्याला लगेच कळलं असतं. म्हनून दडवला."

"पण चोर कशाला म्हणवून घेतलंत? चुंबक त्यांचंच आहे ना?"

"त्याचंच हाय. चोराकडं लोकं येत्यात गं, डोळं उघडं ठेवून येत्यात. बहिऱ्याकडं स्पीकर कोन आननार? आन् तू काय करशील मग, तुझी अव्वा काय करंल?"

मला वाटलं, सांगायचं तेवढंच होतं. मी त्यांच्या बाजूने चालायला लागले, पण त्यांनी माझा दंड धरला.

"येक विचारतो. खरं सांग. आज तुझं तोंड हाललं न्हाय. दोन डाव बघितलं मी. तिसरा बिघडलेला हुता ते तुला कळलं न्हाय का? त्या मागाच्या भिंतीला डोकं लावून तू जन्मल्यापासनं झोपतीस. मी अव्वाला कितींदा म्हनलो, पोरीचं अंथरून हिकडं घाल. तुझं बी गेलं का काय गं कान?"

मला त्या क्षणी 'हो, गेलं' म्हणायचा मोह झाला. म्हटलं असतं तर माझ्या मनात काय होतं ते त्यांना कधीच कळलं नसतं. पण ते अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघत होते की माझ्याने ते बोलवेना.

"कळलं, अप्पा," मी म्हटलं. "पहिल्याच खेपेला कळलं. मी मुद्दाम तोंड फिरवलं. मला वाटलं, तुमी चोरी केली."

मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी माझा दंड सोडला, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि भर रस्त्यात हसले.

"कळलं न्हवं?" ते म्हणाले. "मग काय न्हाय. मी लई भ्यालो हुतो."